बंदुकीचं तेल-ग्रीस: कुठे, किती आणि कुठे मुळीच नाही

तवंग (धागालेखक)

वंगणाचा विषय निघाला की आधी बाटल्यांच्या नावांवरून वाद होतो. या धाग्यात जागा आणि मात्रा आधी घेऊ, ब्रँड मागाहून. तेल कमी पडलं की बंदूक अडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते जास्त झालं किंवा नको तिथे गेलं तरी ती अडते, आणि तेव्हा दोष काडतुसाला दिला जातो.

सुरुवात नेहमीची, पण ती वगळायची नाही. आधी मॅगझिन काढा, मग चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा, रिकामं करा. क्रम उलटा केलात तर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत ढकलतो. चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. काडतुसं टेबलावरच काय, त्या खोलीतही नकोत. विद्रावक वापरताना खिडकी उघडी ठेवा. हातात नायट्राइलचे मोजे हवेत, कारण काजळीत शिसं असतं. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण स्प्रिंगा उडतात.

वंगणाची कामं तीन: घर्षण कमी करणं, गंज रोखणं आणि जळक्या दारूची काजळी मऊ ठेवणं, म्हणजे पुढच्या वेळी ती पुसून निघते. ही तिन्ही कामं एकाच द्रवाने करायची तडजोड म्हणजे सीएलपी (क्लीनर, लुब्रिकंट, प्रिझर्व्हेटिव्ह). अमेरिकी लष्कराचं त्यासाठीचं मानक एमआयएल-पीआरएफ-६३४६०, तापमानाची मर्यादा उणे ५१ ते ७१ अंश सेल्सिअस. बाटलीवर हा क्रमांक असेल तर निदान ते काही ठरलेल्या चाचण्यांतून गेलं आहे. नुसतं 'मिलिटरी ग्रेड' छापलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

तेलाचा दाटपणा आयएसओ व्हीजी आकड्यात देतात. व्हीजी ३२ म्हणजे ४० अंशांना ३२ सेंटिस्टोक. ग्रीसची प्रत एनएलजीआय क्रमांकाने कळते: ००० म्हणजे जवळपास ओघळणारं, ६ म्हणजे वडीसारखं घट्ट. बंदुकीला ० ते २ पुरतं. २ नंबर जड दाबाच्या जागी, ० किंवा १ नंबर थंडीत किंवा हलक्या स्प्रिंगच्या यंत्रणेत.

तेल की ग्रीस, याचा ढोबळ नियम असा: पिनेभोवती फिरणाऱ्या भागाला तेल, दाबाखाली सरकणाऱ्या भागाला ग्रीस. पिन आणि छिद्र यांतली फट इतकी बारीक असते की तेल आपोआप आत ओढलं जातं, ग्रीस मात्र तोंडाशीच बसून राहतं. याउलट उघड्या रेलवरचं, म्हणजे एखादा भाग ज्यावर सरकतो त्या पट्टीवरचं, पातळ तेल गरम झालं की ओघळतं आणि प्रत्येक झटक्याला उडतं. ग्रीस तिथे टिकतं.

नेमकी जागा बंदूकच दाखवते. भाग सुटे करून उजेडात धरा. जिथे काळा लेप झिजून धातू चकाकतो तिथे घासणं चालू आहे, वंगण तिथे हवं. जिथे लेप जसाच्या तसा आहे तिथे गंजरोधक तवंग पुरे.

मात्रेबद्दल एम-१६/एम-४ च्या लष्करी पुस्तिकेतली व्याख्या उपयोगी आहे. 'हलकं' म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा तवंग. 'सढळ' म्हणजे बोटाने पसरवता येईल एवढा थर. ओघळणारं तेल या दोन्हींत बसत नाही. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो आणि अख्ख्या पिस्तुलाला अर्धा मिलिलिटरही लागत नाही. बाटलीच्या नळीतून थेंबाचा अंदाज येत नाही. बोथट सुईची छोटी सिरिंज घ्या.

कोरडं काय ठेवायचं: फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी कांडी) आणि तिचा बोगदा, मॅगझिनचा आतला भाग, चेंबर, बोल्टचं तोंड, आणि गोळी झाडण्याआधी नळीचा आतला भाग. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत गॅसची नळीही.

जुन्यावर नवं चढवू नका. जुनं ग्रीस काजळी आणि धूळ धरून ठेवतं, त्यावर नवं घातलं की धातू घासायची पेस्ट तयार होते. आधी पुसा, विद्रावकाने धुवा, वाळू द्या, मग वंगण.

चिंधी_आणि_गज

चांगला धागा. चेंबर कोरडं का, याचं कारण जोडतो. गोळी सुटताना पितळी केस फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे येणाऱ्या जोराचा काही भाग भिंत पेलते. भिंतीवर तेल असेल तर ती पकड सुटते आणि जवळजवळ सगळा जोर बोल्टच्या लग्जवर, म्हणजे त्याला कुलूप घालणाऱ्या दातांवर, येतो. नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी इतरांपासून वेगळी लागते, आणि ग्रीसचा गोळा राहिला तर नळी फुगू शकते. म्हणून झाडण्याआधी एक-दोन कोरड्या चिंध्या नळीतून ओढायच्याच.

नवखा_नेमबाज

स्ट्रायकरवाल्या, म्हणजे घोडा नसलेल्या पिस्तुलासाठी क्रमाने सांगाल का? प्रत्येक व्हिडिओत वेगळंच दाखवतात.

तवंग

ग्लॉकसारख्या रचनेचं घेऊ. स्लाइड, नळी, रिकॉइल स्प्रिंग आणि फ्रेम असे चार भाग समोर ठेवा. सगळे पुसून कोरडे.

१. नळीच्या बाहेरच्या अंगाला एक थेंब, बोटाने गोल फिरवून पसरवा. तोंडाजवळचा घासलेला पट्टा आणि चेंबरवरचा चौकोनी भाग, म्हणजे हूड, इथे विशेष लक्ष.
२. स्लाइडच्या आत, नळी जिथून बाहेर येते त्या कडेला तेलाचं बोट.
३. स्लाइडच्या दोन्ही खाचांत एकेक थेंब. ग्रीस वापरत असाल तर फ्रेमच्या धातूच्या चारही रेलवर पातळ रेघ.
४. चापाचा ट्रिगर बार मागे उजवीकडे कनेक्टरला टेकतो, त्या कोपऱ्यात एक छोटा थेंब. हा राहून गेला तर चाप खरखरीत आणि जड लागतो.

बस. मोजून पाच-सहा थेंब. जोडून स्लाइड दहा-बारा वेळा मागे-पुढे करा, बाहेर आलेलं पुसून घ्या. मग चाप, सेफ्टी आणि रिसेट तपासा.

स्ट्रायकर म्हणजे इथली फायरिंग पिन, तिच्या बोगद्यात काही नाही. साफ करताना स्लाइडचं तोंड वर धरून विद्रावक ओतलं तर ते तिथेच उतरतं. काजळी आणि पितळाचा चुरा त्यात मिसळून चिकटा होतो, स्ट्रायकर मंदावतो, प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर, उथळ खूण पडते आणि गोळी सुटत नाही. म्हणून स्लाइड धुताना तिचं तोंड खाली.

नव्या ग्लॉकच्या स्लाइडमध्ये तांबूस ग्रीस दिसतं. ते कारखान्याने मुद्दाम लावलेलं असतं, पुस्तिका ते काढू नका म्हणते.

सीएलपी_पंथी

इतक्या बाटल्यांची गरज काय? एक सीएलपी, एक चिंधी. ग्रीस रायफलच्या जड यंत्रणेला ठीक, पण पिस्तुलात ते काजळी गोळा करतं.

धातुविद्या

अर्धं मान्य. नियमित साफ होणाऱ्या पोलादी पिस्तुलाला सीएलपी पुरतं, वाद नाही. तीन ठिकाणी मात्र ते कमी पडतं.

पहिलं, पोलादाची स्लाइड ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर चालते तिथे. वरचा कडक थर पातळ असतो, तो एकदा गेला की खालचा मऊ धातू भराभर झिजतो. दुसरं, स्टेनलेसवर स्टेनलेस. एकाच जातीचं स्टेनलेस कोरडं घासलं की धातू एकमेकांना चिकटून ओरखडे उठतात. अशा जागी मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं ग्रीस कामाचं. तिसरं, पाऊस. अमेरिकी सैन्याच्या एम-१ गॅरंड रायफलीचं तेल पावसात धुऊन जायचं आणि बोल्ट जड व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात तिच्यासाठी ल्युब्रिप्लेट १३०-ए हे ग्रीस आलं. त्याची छोटी डबी दस्त्यातच ठेवायची सोय होती.

काजळी गोळा होते हे खरं, पण ती थर जाड असेल तर. रेलवर लावल्यावर खालचा धातू दिसला पाहिजे. पांढरा किंवा तांबडा पट्टा दिसत असेल तर निम्मं पुसून टाका.

अवांतर: ग्राफाइटची पूड किंवा ग्राफाइट ग्रीस ॲल्युमिनियमला लावू नका. ओलावा आला की दोघांत विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

सीएलपी_पंथी

ॲल्युमिनियमचा मुद्दा मान्य. स्टेनलेसचाही.

गॅस_की

एआर-१५ गटासाठी (एम-१६, एम-४ याच रचनेच्या) वेगळी नोंद हवी, कारण ही यंत्रणा स्वतःची काजळी स्वतःच्याच बोल्टवर ओतते.

कॅरियरच्या, म्हणजे बोल्टला धरून सरकणाऱ्या भागाच्या, बुडाशी दोन आणि वरच्या बाजूला दोन असे घासणारे पट्टे दिसतात. तिथे सढळ. बोल्टच्या मागच्या बाजूच्या तीन गॅस-रिंगांवर दोन थेंब. बोल्ट फिरवणाऱ्या कॅम पिनला आणि ती ज्या वाटेने फिरते त्या खाचेला सढळ, तिथे तेलाऐवजी ग्रीसही चालतं. बोल्टच्या लग्जवर हलका तवंग. फायरिंग पिनवर तेलाच्या चिंधीचा हात फिरवून परत पुसायचा. चार्जिंग हँडलच्या कडांना हलकं. दस्त्यातला धक्का सोसणारा बफर आणि त्याची स्प्रिंग यांवर जेमतेम तवंग, नाहीतर तेल दस्त्याच्या नळीत साचतं.

गॅस ट्यूब (वायू मागे आणणारी बारीक नळी) आणि गॅस-की (कॅरियरवरचं तो वायू घेणारं तोंड) यांच्या आत काही घालायचं नाही. पाइपक्लीनरने तेल घालण्याचा सल्ला दिसला तर सोडून द्या. तिथला तप्त वायू तेल जाळून कडक कोळसा करतो.

ही रायफल कोरडी असताना जितकी अडते तितकी घाणेरडी पण ओली असताना अडत नाही. लांब सत्रात अडू लागली तर कॅरियरच्या बाजूच्या दोन भोकांतून रिंगांवर दोन-तीन थेंब टाकले की बहुतेक वेळा सत्र पुरं होतं. सप्रेसर (आवाज कमी करणारं नळकांडं) लावला की मागे येणारी काजळी आणि उष्णता दोन्ही वाढतात, त्या हिशेबाने लवकर तेल द्या.

सहा_घरं

रिव्हॉल्व्हरवाल्यांना कोणी विचारत नाही! क्रेनच्या, म्हणजे सिलिंडर बाजूला काढणाऱ्या हाताच्या, दांड्याला एक थेंब, एजेक्टर रॉडला एक, घोडा मागे ओढून त्याच्या फटीत एक, चापाच्या मागे एक. एवढ्यावर थांबा.

एजेक्टरच्या ताऱ्याखाली, म्हणजे केसं बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली, मात्र कोरडं आणि स्वच्छच हवं. न जळलेल्या दारूचा एक कण तिथे अडकला की तारा पुरता बसत नाही, सिलिंडर मागच्या प्लेटला घासतो आणि चाप दगड होतो. तेल असेल तर कण आणखी चिकटतात. केसं बाहेर टाकताना नळीचं तोंड वर धरलं की कण खाली पडून जातात, बराचसा प्रश्न तिथेच मिटतो.

नवखा_नेमबाज

घरात असलेली तेलं चालतात का? शिवणयंत्राचं तेल, खोबरेल, डब्ल्यूडी-४०, गाडीचं इंजिन ऑइल?

धातुविद्या

एकेक घेतो.

शिवणयंत्राचं तेल: शुद्ध, पातळ खनिज तेल. पिना आणि हलक्या यंत्रणेला उत्तम. गंजरोधक मिसळलेलं नसल्यामुळे दमट हवेत त्यावर विसंबू नका.

खोबरेल: नाही. साधारण २४ अंशांखाली ते गोठतं आणि कालांतराने खवट होऊन चिकटा धरतं. इतर वनस्पती तेलांचंही तेच. जवस, सूर्यफूल यांसारखी तेलं हवेशी संयोग पावून वार्निशसारखा थर धरतात. 'नैसर्गिक', 'विषारी नाही' म्हणून विकली जाणारी काही बंदुकीची वंगणंही वनस्पतिजन्य असतात. ती वापरायची तर वरचेवर पुसून नवी लावायची तयारी हवी. तशी बंदूक वर्षभर कपाटात ठेवली की बोल्ट चिकटतो.

डब्ल्यूडी-४०: नावातच पाणी हटवणं आहे. १९५३ मध्ये ते त्यासाठीच तयार झालं. भिजलेल्या बंदुकीतलं पाणी काढायला जरूर मारा, मग पुसा आणि खरं तेल लावा. त्यातला बराच भाग उडून जातो, मागे राहणारा तवंग वंगण म्हणून दुबळा असतो. काडतुसांच्या जवळ कुठलाही असा स्प्रे नको, भेदक तेल प्रायमरच्या कडेतून आत शिरून तो निकामी करू शकतं.

इंजिन ऑइल: सिंथेटिक असेल तर सरकत्या भागांना चांगलं चालतं, उष्णताही सोसतं. गाडीतून काढलेलं, वापरलेलं तेल मात्र नको. त्यात धातूचा चुरा आणि आम्लं असतात.

ब्रेक क्लीनर विचारलं नाहीत, तरी सांगतो. ते तेलाचा शेवटचा कणही काढतं, म्हणून नंतर लगेच वंगण द्यावं लागतं. लाकडाचं पॉलिश आणि काही प्लॅस्टिकं ते खराब करतं. क्लोरीनयुक्त प्रकार ज्योत किंवा तापलेल्या धातूजवळ वापरला तर विषारी फॉस्जीन तयार होतो.

चिंधी_आणि_गज

बोल्ट-ॲक्शनबद्दल, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या रायफलींबद्दल लिहितो, कारण तिथला सगळ्यात धोकादायक बिघाड तेलातूनच येतो.

वंगण कुठे: लॉकिंग लग्जच्या मागच्या अंगावर ग्रीसचा ठिपका, कारण बोल्ट बंद करताना पूर्ण दाबाखाली तेच घासतात. बोल्टच्या मागच्या टोकाला कॉकिंगचा उतार असतो, तिथे दुसरा ठिपका. हा कोरडा असला की बोल्ट उचलताना जड लागतो. बोल्टच्या दांड्यावर फक्त तवंग. फायरिंग पिनची स्प्रिंग पुसट तेलकट, ग्रीस नाही.

आता चाप. लोक वरून, बोल्टच्या वाटेतून चापाच्या डबीत तेल सोडतात. काही महिन्यांनी ते धूळ धरून घट्ट होतं, आतली सिअर (चाप ओढेपर्यंत पिन अडवून धरणारी खुंटी) परत जागेवर यायला उशीर करते, आणि बोल्ट बंद करताना किंवा सेफ्टी काढताना गोळी सुटू शकते. चापाची डबी कोरडी ठेवायची. चिकट झाली असेल तर दस्त्यातून काढून लायटरच्या नॅफ्थाने धुवायची, वाळू द्यायची आणि तशीच बसवायची. समायोजनाचे स्क्रू हलवायचे नाहीत.

तेल वरून घातलं नाही तरी तिथे पोचतं कसं? नळी साफ करताना. गज मागून घालायचा, बोअर गाइड (गजाला नळीच्या मध्यात धरणारं नळकांडं) लावायचा आणि रायफलीचं तोंड थोडं खाली ठेवायचं. गाइड नसेल तर विद्रावक चेंबरमधून मागे वाहत थेट चापावर.

तांबं काढणारं अमोनियायुक्त विद्रावक असेल तर बाटलीवरची वेळ पाळा, सहसा १० ते १५ मिनिटं. मग चिंधीने पूर्ण काढा आणि तेल लावा. पितळ-कांस्याचा ब्रश त्यात बुडवू नका: ब्रशच विरघळतो, चिंधी निळी येत राहते आणि नळी अजून घाण आहे असं वाटत राहतं. निकेलचा मुलामा असलेल्या भागांपासून ते लांब.

बर्फाळ

थंडी आणि धूळ यांवर कोणी बोललं नाही.

थंडीत दोन प्रश्न. एक, तेल दाटतं. खोलीत झटकन उतरणारा बोल्ट उणे २० ला सुस्त होतो, फायरिंग पिनचा जोर कमी पडतो. तिथे ग्रीस नको, बाटलीवरचा ओतांक, म्हणजे ज्या तापमानापर्यंत तेल ओतलं जातं तो आकडा, अपेक्षित थंडीच्या बराच खाली हवा. आधीचं सगळं तेल विद्रावकाने काढून मग नवं लावायचं, नुसतं वर घातलं तर जुनंच दाटतं. अतिथंडीसाठी सैन्यांकडे वेगळं आर्क्टिक तेल असतं. पर्याय म्हणून कोरडी वंगणं, म्हणजे वाळल्यावर मॉलिब्डेनमचा थर सोडणारी. पण ती गंज रोखत नाहीत.

दुसरा प्रश्न दवाचा. गार बंदूक गरम खोलीत आणली की आत-बाहेर पाणी धरते, आणि परत बाहेर नेली की त्याचं बर्फ होतं. म्हणून बाहेरच बंद पिशवीत किंवा पेटीत घाला, तशीच आत आणा, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. दिवसातून अनेकदा ये-जा असेल तर बंदूक सुरक्षित, कुलूपबंद थंड जागीच राहू द्या.

गॅस_की

धुळीबद्दल दोन मतं असतात. 'तेल धूळ धरतं, म्हणून कोरडी ठेवा' हे ऐकायला बरोबर वाटतं. बाहेरच्या अंगाबाबत ते बरोबरही आहे, तिथे पुसून कोरडं. आतल्या सरकत्या भागांत मात्र कोरडी धूळ धातूवर घासते, तेलातली धूळ तरंगत बाजूला होते. अमेरिकेतल्या ॲबर्डीनला २००७ मध्ये अमेरिकी सैन्याने एम-४ आणि इतर तीन रायफलींची धूळ-चाचणी घेतली, तेव्हा बंदुका सढळ तेल घालूनच वापरल्या होत्या. ठरावीक फैरींनंतर पुसून पुन्हा तेल आणि पुढे पूर्ण सफाई असा क्रम होता. यातला 'पुसून' हा भाग विसरायचा नाही. वाळूत सढळ तेल द्यायचं तर पुसणंही रोजचं.

ग्रीस मात्र वाळूत नको, ते कण सोडत नाही.

काळी_दारू

जुन्या लष्करी काडतुसांसाठी आणि काळ्या दारूसाठी नियम उलटे आहेत, म्हणून लिहितो.

जुन्या काही काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड राहतं, म्हणजे मीठच. ते हवेतलं पाणी ओढतं आणि दमट हवेत एका रात्रीत गंज आणतं. मीठ तेलात विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल लावलं तर गंज तेलाखाली चालू राहतो. आधी पाणी, शक्यतो गरम, नळी, बोल्टचं तोंड आणि गॅसचे भाग यांतून. मग पूर्ण वाळवा, मग तेल.

काळ्या दारूच्या राखेतही पोटॅशियमचे क्षार असतात, तिथेही साबणाचं पाणी आधी. शिवाय त्या बंदुकीत गोळीभोवती खनिज तेल वापरू नका. काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं. मेण आणि चरबीचं मिश्रण, किंवा पाण्यात मिसळून पांढरं होणारं बॅलिस्टॉलसारखं तेल, राख मऊ ठेवतं.

दहा_मीटर

हवेच्या रायफलीही याच धाग्यात घ्या. तिथे तेलाची चूक थेट धोका होते.

पीसीपी, म्हणजे भरलेल्या हवेच्या रायफलीत सिलिंडर २०० बार किंवा त्याहून जास्त दाबाचा असतो. त्या हवेत खनिज तेल गेलं की भरताना होणाऱ्या उष्णतेने ते पेटू शकतं. भरण्याच्या जोडावर, व्हॉल्व्हवर, पंपाच्या आत पेट्रोलियमजन्य काहीही नाही. ओ-रिंगांना शुद्ध सिलिकॉन ग्रीस, दोन बोटांत चोळून उरेल एवढंच. ओ-रिंग चकाकली पाहिजे, तिच्यावर ढीग दिसता कामा नये. सिलिकॉन धातूवर धातूला मात्र निरुपयोगी, म्हणून बोल्ट आणि कॉकिंगच्या सांध्यांना नेहमीचं तेल, दाबाच्या भागांपासून दूर.

स्प्रिंग-पिस्टन रायफलीत कॉम्प्रेशनच्या कोठीत तेलाचा थेंब टाकला तर दाबाने तो डिझेल इंजिनासारखा पेटतो. मोठा आवाज, धूर, कधी जळका वास. वेग वाढला म्हणून खूश होऊ नका, सील आणि स्प्रिंग दोन्ही लवकर जातात. पिस्टनच्या मागच्या कडेला मॉलिब्डेनम ग्रीस, स्प्रिंगला दाट डॅम्पिंग ग्रीसचा पातळ लेप, नळीच्या बिजागरीला ग्रीस. सीलच्या पुढे काही नाही.

दोन_नळ्या

शॉटगनचं थोडक्यात. वर-खाली नळ्यांच्या बंदुकीत बिजागरीची पिन, तिच्यावर बसणारी खाच आणि फोरएंडचं, म्हणजे नळीखाली हाताने धरायच्या भागाचं, लोखंड यांना ग्रीस, प्रत्येक वेळी जुनं पुसून. इथली झीज भरून काढायला कारागीर लागतो, कारण एकदा सांधा ढिला झाला की नळ्या मागच्या तोंडावर नीट बसत नाहीत. बदलत्या चोकच्या, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या नळकांड्याच्या, आट्यांना उष्णता सोसणारं चोक-ग्रीस, अगदी पातळ, आणि चोक पुरता आवळलेला. वर्षभर न काढलेला चोक पावसाळ्यानंतर निघत नाही. गॅसवर चालणाऱ्या शॉटगनच्या मॅगझिनच्या नळीवर तवंगाहून जास्त नको, पिस्टन तिथेच तापतो.

नवखा_नेमबाज

दोन-तीन महिने वापरायची नसेल तर?

तवंग

तेव्हा वंगणापेक्षा गंजाचा विचार आधी. हाताचा घाम पुसा, बोटाच्या ठशातलं मीठ पुरेसं असतं. बाहेरच्या सगळ्या धातूवर गंजरोधक तेलाची चिंधी फिरवा आणि त्यानंतर उघड्या हाताने धरू नका. नळीत आणि चेंबरमध्ये हलका तवंग ठेवा आणि बंदुकीला चिठ्ठी बांधा: 'झाडण्याआधी नळी आणि चेंबर कोरडं करा'. वर्षाहून जास्त असेल तर बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण, संग्रहालयांत धातूच्या वस्तूंना लावतात तेच.

चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत ठेवू नका. चामड्यातले क्षार आणि फोममधला ओलावा दोन्ही गंज आणतात. कपाटात आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, सिलिका जेल असेल तर ते वेळोवेळी तापवून वाळवा.

लाकडी दस्त्याची बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवणं बरं. तोंड वर असलं की जास्तीचं तेल हळूहळू खाली उतरून दस्त्याच्या मानेत मुरतं. तेल मुरलेलं लाकूड काळं आणि मऊ पडतं, झटके सोसताना फुटतं.

अवांतर: दस्त्याला जवसाचं तेल लावत असाल तर ती चिंधी चोळामोळा करून टाकू नका. सुकताना ती स्वतःच तापते आणि पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

एसकेएस

कोठारातून आलेल्या जुन्या रायफली कॉस्मोलीनमध्ये बुडवलेल्या असतात. ते पेट्रोलियमचं मेणकट गंजरोधक, ५० अंशांच्या आसपास वितळतं. धातूचे सगळे भाग सुटे करून मिनरल स्पिरिटमध्ये किंवा उकळत्या पाण्यात. सगळ्यात महत्त्वाचा भाग बोल्टचा आतला. एसकेएस या सोव्हिएत रायफलीची फायरिंग पिन मोकळी असते, तिला मागे आणणारी स्प्रिंग बहुतेक रायफलींत नसतेच. कॉस्मोलीनने ती पुढे चिकटली तर बोल्ट बंद होताना चाप न ओढताच गोळी सुटते, कधी एकापाठोपाठ अनेक. बोल्ट सुटा काढून कानाशी हलवा, पिन आत खुळखुळली पाहिजे. खुळखुळत नसेल तर झाडायची नाही. साफ झाल्यावर तिथे तेलही नको.

सीएलपी_पंथी

एक शंका. डबीतलं ग्रीस संपलं, दुसऱ्या कंपनीचं आणलं, आणि दोन सत्रांत ते पातळ होऊन वाहू लागलं असं एकाने विचारलं होतं. ग्रीस खराब का?

धातुविद्या

बहुधा मिसळ. ग्रीस म्हणजे तेल आणि त्याला धरणारा दाटक. लिथियम, कॅल्शियम, बेंटोनाइट माती, पॉलियुरिया असे दाटक वेगवेगळे. काही जोड्या एकत्र आल्या की दाटकाची जाळी मोडते आणि तेल सुटून वाहतं, बेंटोनाइट आणि पॉलियुरिया यांना इतरांबरोबर विशेष जपावं. जुनं ग्रीस विद्रावकाने पूर्ण काढा, पिनांच्या फटींतूनही, मग नवं लावा. डबीवर दाटक लिहिलेला नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात असतो.

आणि डबीत तेल वर तरंगताना दिसलं तर एवढ्याने फेकू नका, थोडं तेल सुटणं ग्रीसच्या स्वभावातच आहे. ढवळून घ्या. ढवळूनही दाणेदार राहिलं तर टाकून द्या.